खुनी प्रत्येक वेळी कंत्राटदारच

एस्तेरचं म्हणणं असं होतं, की अलीकडच्या खुनाच्या कादंबऱ्यांचा दर्जा पार घसरलाय.

हे ती कुणालाही सांगायची. दूधवाल्याला सांगायची, रविवारी चर्च सुटल्यावर पायऱ्यांवर पाळकांना गाठून सांगायची, बीपी मोजायला घरी येणाऱ्या पोरीलाही सांगायची. श्रीरामपुरात दवाखान्याचा वॉर्ड सांभाळून रिटायर झालेली बाई. तिच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा दबकत चालायचे म्हणतात. काचबिंदूनं डोळे नेले, पण आवाज शाबूत होता आणि मतंही. तेव्हा आता तिचे यजमान, प्राथमिक शाळेचे निवृत्त मास्तर कृपादान त्रिभुवन, दुपारची जेवणं उरकली की दाराशी खुर्ची ओढायचे, चष्मा पुसायचे आणि तिला मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवायचे.

खुनाचंच पुस्तक लागायचं. प्रेमाबिमाचं तिला चालत नसे. त्यात पुढं काय होणार ते आधीच कळतं, असं तिचं म्हणणं. आत्मचरित्रं तर नकोच. माणूस स्वतःबद्दल खरं सांगत नाही हे तिनं पेशंटची हिस्टरी लिहिताना पुष्कळ पाहिलं होतं.

मतं मात्र ऐकण्यासारखी असायची. 'पाटबंधारे बंगला' या कादंबरीतला इन्स्पेक्टर भर मे महिन्यात कोट घालून फिरतो, म्हणून ती त्या लेखकावर आठवडाभर खार खाऊन होती. "नेवाशाच्या उन्हात फिरवा म्हणावं त्याला. दुसऱ्या पानावर घेरी येऊन पडेल." 'वॉर्ड नंबर आठ'मध्ये चांगला कर्तासवरता माणूस मरतो, आणि त्याच्या घरी एक चुलती येत नाही की शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन येत नाही. "आपल्या गल्लीत नुसता पाय घसरून कुणी पडलं तरी घरात बसायला जागा उरत नाही. आणि इथं खून झालाय, तर घरात बायको आणि इन्स्पेक्टर दोघंच. या लेखकाला भाऊबंद नसतील." असं सगळं झाल्यावर शेवटी निकाल यायचा. तो दोनच प्रकारचा. 'शेवट पटला' किंवा 'शेवट पटला नाही'. अधलंमधलं काही नाही.

गेल्या वर्षभरात एकही शेवट पटला नव्हता. कारण काय, तर खुनी प्रत्येक वेळी कंत्राटदारच निघत होता.

आता यात बिचाऱ्या लेखकांची काहीच चूक नव्हती. चूक होती मास्तरांची.

सुरुवात झाली ती 'वॉर्ड नंबर आठ'पासून. मास्तर रंगात येऊन वाचत होते, शेवटचं प्रकरण होतं, एस्तेर भिंतीला टेकून कान देऊन बसली होती, आणि मास्तरांची नजर तोंडाच्या एक ओळ पुढं गेली. खून केला होता वॉर्डच्या सिस्टरनं. इंजेक्शन देऊन. जिनं उभी हयात लोकांना इंजेक्शनं देण्यात घातली, रात्री-अपरात्री उठून गेली, तिला काय हे वाचून दाखवायचं? मागं कुठंतरी त्या दवाखान्याचं छत गळतं असं एक वाक्य येऊन गेलेलं त्यांना आठवलं. छत गळतं म्हणजे दुरुस्तीला कुणीतरी येत असणार. "खुनी दुसरा तिसरा कोणी नसून," मास्तरांनी घसा खाकरून वाचलं, "छताच्या कामाचा कंत्राटदार होता."

कंत्राटदारच का, असं विचाराल तर त्यालाही कारण होतं. उभ्या आयुष्यात मास्तरांना मनापासून राग आलेला माणूस एकच. पूर्वी त्यांच्या शाळेची भिंत बांधणारा. भिंत पहिल्याच पावसात बसली आणि तो म्हणाला, पोरांनी टेकून टेकून पाडली. गरीब स्वभावाच्या माणसाचा राग असा पडून राहतो आणि मग नको तिथं कामाला येतो.

"कंत्राटदार?" एस्तेर तेव्हा म्हणाली होती. "हा कधी आला?"

"होता तो. तुझा मध्येच डोळा लागला होता."

एकदा सवय लागली की लागली. 'पाटबंधारे बंगला'मध्ये खून शाळामास्तरानं केला होता; तिथं मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली आणि बंगल्याच्या कंपाउंडचं काम एका कंत्राटदाराला मिळालं. एका पुस्तकात पाळक होता, त्याच्या जागीही कंत्राटदार. मग आली 'उसातली चप्पल'. गाजलेलं पुस्तक, लेखक आपल्या नगरचाच, रविराज डहाळे. एका म्हातारीची चप्पल उसात सापडते, मग म्हातारी सापडते, आणि शेवटी कळतं की तिला तिच्या पोटच्या मुलानं मारलं. ते पान मास्तरांनी दुपारी एकट्यानं तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उसाला पाइपलाइन आणली, आणि पाइपलाइनच्या मागोमाग कंत्राटदार आला.

हे मात्र लाजेपोटी केलं नव्हतं. याला कारण जोएल होता.

जोएल त्यांचा एकुलता एक मुलगा. नागापूरला एमआयडीसीत कामाला, राहायला नगरला. त्यानं राहुरीकडच्या रुपालीशी लग्न केलं, कोर्टात. चर्चमध्ये नाही म्हणून एस्तेर म्हणाली मी येणार नाही, आणि खरंच गेली नाही. मास्तर एकटेच एसटीनं गेले, जेवले आणि पोराच्या पाठीवर हात ठेवून परत आले. तेव्हापासून जोएल आईशी बोलत नव्हता. दर रविवारी वडिलांच्या मोबाईलवर त्याचा एक मेसेज यायचा. 'पप्पा, बरे आहात ना. तब्येत सांभाळा.' बस. त्यात आईचं नाव नसायचं. मास्तर तो असा वाचायचे: "पप्पा, मम्मी, बरे आहात ना. तब्येत सांभाळा. मम्मीचे डोळ्यांचे थेंब चुकवू नका."

थेंबांचं असं होतं की उरलासुरला उजेड टिकायचा तर ते रोज घालायलाच हवे होते, आणि जन्मभर दुसऱ्यांना औषधं पाजलेल्या या बाईला स्वतः औषध घ्यायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. डॉक्टरांनी सांगितलं, ऐकलं नाही. मास्तरांनी हात जोडले, ऐकलं नाही. जोएलनं सांगितलंय म्हटल्यावर मात्र ती मान वर करून बसली. पुढं मास्तरांनी ती ओळ कधी गाळली नाही. तेव्हा कंत्राटदाराचं बिंग फुटलं तर हसं होईल याची त्यांना एवढी भीती नव्हती. भीती ही होती, की हिला एक धागा सापडला की ही थेट जोएलपर्यंत जाऊन पोचेल.

आणि अशात लायब्ररीच्या रोहिणीताईंनी घोळ घातला. पुस्तकं बदलायला गेलं की मास्तर काउंटरवर बायकोची मतं कौतुकानं सांगायचे; शेवटाबद्दलची सोडून, हे सांगायला नको. रोहिणीताई स्वतः पाककृतींच्या पुढं वाचत नव्हत्या, पण कोटवाल्या इन्स्पेक्टरवर त्या खूप हसल्या होत्या. एक दिवस त्यांनी घरीच फोन केला. वर्धापनदिनाला वाचक मेळावा आहे, सिस्टरांनी अलीकडं वाचलेल्या कादंबऱ्यांवर बोलावं, शिवाय खुद्द रविराज डहाळे येणार आहेत.

"येईन की," एस्तेर म्हणाली. "त्या माणसाला मला एक विचारायचंच होतं."

मास्तरांनी ऊन फार आहे म्हणून पाहिलं. लायब्ररीचा जिना चढवणार नाही म्हणाले, तर कार्यक्रम खालच्या हॉलमध्ये होता. मग त्यांनी जरा हुशारीनं घेतलं.

"पण एस्तेर, पुस्तकावर बोलताना शेवट सांगू नये म्हणतात. ज्यांनी वाचलं नाही त्यांचा रस जातो."

"मग मत कशावर द्यायचं? मुखपृष्ठावर?"

"लेखकाला वाईट वाटेल."

"वाटू दे. वर्षभर मला वाटतंय."

खरं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात रोज यायचं. चहा देताना यायचं, साडीला इस्त्री करताना यायचं. पण तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी बाहेर पडायचं. गॅस बंद केला का, वगैरे. मेळावा रविवारी दुपारी होता. सकाळी चर्चमध्ये पाळकांनी माशाच्या पोटात गेलेल्या योनावर उपदेश केला, खोट्या साक्षीवर केला नाही, याबद्दल मास्तरांनी डोळे मिटून आभार मानले. त्यापलीकडं त्यांच्या हाताशी काही उरलं नव्हतं.

हॉल भरला होता. स्टेजवर मध्यभागी अध्यक्ष म्हणून रामहरीशेठ बसले होते, कारण लायब्ररीला नवीन फरशी त्यांनी स्वतःच्या खर्चानं बसवून दिली होती. रामहरीशेठ कंत्राटदार होते. मास्तरांना हे ठाऊक होतं, पण इतका वेळ ध्यानातच आलं नव्हतं. ते एस्तेरचा हात धरून स्टेजवर चढले, तिला माईकपाशी उभं केलं आणि मागच्या खुर्चीवर बसून आपल्याच चपलांकडं बघत राहिले.

एस्तेर छान बोलली. कोटाचं सांगितलं, हॉल हसला. पिठलं-भाकरीचं सांगितलं, बायकांनी माना डोलावल्या. रविराज डहाळेही हसत होते, तरुण माणूस होता, दाढी ठेवलेली.

"आता डहाळेसाहेब, तुमच्या 'उसातली चप्पल'बद्दल," एस्तेर म्हणाली. "तुमची भाषा सरळ आहे. ती म्हातारी तर माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि माझ्या डोळ्यांपुढं हल्ली सहसा काही उभं राहत नाही. दोनशे पानं मी जीव मुठीत धरून ऐकली. आणि शेवटी काय, तर पाइपलाइनचा कंत्राटदार. तुमचंच नाही, सगळ्यांचंच तसं. मी वर्षभरात जेवढी पुस्तकं ऐकली, त्यांत खुनी प्रत्येक वेळी कंत्राटदारच. दवाखान्यात कंत्राटदार, बंगल्यावर कंत्राटदार, चर्चमध्येसुद्धा कंत्राटदार. जगातली बाकीची माणसं काय सगळी सज्जन झाली? तुम्हा लेखकांना आपल्या माणसांवर संशय घ्यायला भीती वाटते. परका कुणीतरी धरायचा आणि मोकळं व्हायचं. म्हणून शेवट पटत नाही."

लोकांनी एकदा तिच्याकडं आणि एकदा रामहरीशेठांकडं पाहिलं. शेठांनी पुढ्यातला पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला.

रविराज डहाळे माईकवर आले. माणूस अदबीनं बोलणारा होता. "मॅडम, तुमचं बाकीचं सगळं मान्य. पण माझ्या कादंबरीत पाइपलाइन नाही. कंत्राटदारही नाही, कुठंच. खून कोणी केला ते मी इथं सांगत नाही, पुस्तक बाहेर टेबलावर विक्रीला आहे. पण कंत्राटदार नाही एवढं खात्रीनं सांगतो."

हॉलमध्ये खसखस पिकली. मागं कुणीतरी 'वय झालं' असं म्हणालं, आणि ते मास्तरांना स्पष्ट ऐकू आलं. ते उठायला गेले. अर्धवट उठून परत बसले. आपल्या बायकोला चारचौघांत लोक वेडी समजतायत आणि आपण खुर्चीला चिकटून बसलोय, याची त्यांना इतकी शरम वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

एस्तेरनं मान किंचित मागं वळवली, मास्तर बसले होते बरोबर त्या बाजूला, आणि परत समोर केली.

"असं होय," ती माईकमध्ये म्हणाली. "मग माझ्याकडं आली ती आवृत्ती वेगळी असेल. माझीच गफलत. त्या आवृत्तीचा लेखक जरा बाळबोध आहे, पण माणूस वाईट नाही. तुमची आवृत्ती आता नव्यानं ऐकीन, आणि मग मत कळवीन. नमस्कार."

टाळ्या पडल्या. वय झालं म्हणणाऱ्यानंही वाजवल्या असतील. अध्यक्षीय भाषणात रामहरीशेठ उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टरबाईंनी मला ल्हानपनी लई सुया टोचल्यात, त्यांच्याफुडं आपन काय बोलनार. येवढंच सांगतो, म्या आजवर कुनाला मारलं न्हाई. फरशी कशी वाटली ते सांगा." आणि खाली बसले. मेळाव्यातलं सगळ्यात आवडलेलं भाषण तेच ठरलं.

मेळावा संपल्यावर दोघं रिक्षात बसले. रेल्वे फाटक लागलं होतं. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

"'वॉर्ड नंबर आठ'मध्ये कोण होतं?" तिनं विचारलं.

"सिस्टर," मास्तर म्हणाले.

"कशानं?"

"इंजेक्शन."

"मला वाटलंच होतं. त्या बाईचा पहिल्यापासून संशय येत होता." गाडी धडधडत गेली. "आणि बंगल्यात?"

"शाळामास्तर."

"हं. आणि उसात?"

फाटक उघडलं, रिक्षा सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी आली.

"मुलगा," मास्तर म्हणाले.

रिक्षातून उतरताना एस्तेरनं मास्तरांचा हात धरला नाही, दाराची चौकट चाचपत एकटीच आत गेली. आत जाऊन ती पलंगावर बसली. मास्तरांनी पंखा लावला, पाणी दिलं, आणि संध्याकाळच्या थेंबांची वेळ झाली होती म्हणून बाटली हातात घेऊन उभे राहिले.

"आज रविवार," ती म्हणाली. "मेसेज आला असेल."

"आलाय."

"वाचा. आहे तसा वाचा. पाइपलाइन आणू नका."

मास्तरांनी मोबाईल काढला. "पप्पा, बरे आहात ना. ऊन वाढलंय, बाहेर जाऊ नका."

"पुढं?"

"पुढं नाही."

"कधीच नव्हतं?"

"नाही."

तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मास्तरांना बघवेना, आणि बघू नये तर दुसरीकडं बघायचं कुठं तेही कळेना. "थेंबांसाठी केलं मी, एस्तेर," ते म्हणाले. "तू माझं ऐकत नव्हतीस."

"एवढं मात्र खरं," ती म्हणाली. मग तिनं मान वर केली. "घाला. हे थेंब तरी डॉक्टरांचे आहेत ना, की हेही तुम्हीच लिहिलेत?"

त्यांनी थेंब घातले. एक गालावर ओघळला, तो तिनं पदरानं टिपला. त्यानंतरही तिनं दोनदा पदर लावला, पण तेवढे थेंब मास्तरांनी घातले नव्हते.

"त्या मोबाईलवर बोललेलं जातं ना? बटण दाबून?"

असलं बटण असतं हे तिला पूर्वीपासून माहीत होतं. बीपीवाल्या पोरीनं दाखवलं होतं. पण जोएलशी आपण होऊन बोलायचं नाही असं तिचं मत होतं, आणि मत ठरलं की ठरलं. मास्तरांनी बटण दाबून मोबाईल तिच्या तोंडापाशी धरला.

"जोएल, मी मम्मी," ती वॉर्डात बोलायची तशा आवाजात म्हणाली. "तुझ्या लग्नाला मी आले नाही. यायला हवं होतं. तेव्हा मला दिसत होतं, तुम्हा दोघांना बघून घेता आलं असतं. आता रुपालीला घेऊन ये, आवाज तरी ऐकते. थेंब रोज घालते. तू सांगतोस असं तुझे पप्पा सांगायचे, म्हणून घालायचे. तू सांगत नव्हतास हे आज कळलं. तरी घालते." तिनं मोबाईल हातानं दूर सारला. "झालं. पाठवा. आणि त्यात काही घालू नका."

"यात घालता येत नाही," मास्तर म्हणाले.

"बरं आहे मग."

त्यांनी पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. त्यानंतर काहीच आलं नाही. मास्तरांनी चहा ठेवला, तो उकळून उकळून कडू झाला, तसाच दोघांनी प्यायला. एस्तेर कप हातात धरून भिंतीला टेकून बसली होती, कादंबरीचं शेवटचं प्रकरण ऐकायला बसायची तशी. मोबाईल मध्ये पलंगावर पडला होता.

तो वाजला तेव्हा मास्तरांचा कप बशीत कलंडला. वाचायला काही नव्हतं, आवाजच होता. त्यांनी बटण दाबलं.

आधी नुसती कुकरची शिट्टी ऐकू आली. मग कुणीतरी श्वास घेतला. "मम्मी," जोएल म्हणाला, आणि पुढं पुष्कळ वेळ काही नाही. मागून एक बाईमाणूस हळू म्हणालं, "बोला ना." मग जोएल म्हणाला, "मम्मी, थेंब चुकवू नको. आम्ही येतो." तेवढंच.

"परत लावा," एस्तेर म्हणाली.

मास्तरांनी परत लावला. कुकर, श्वास, 'मम्मी', 'बोला ना', थेंब. तिनं तिसऱ्यांदा लावायला सांगितला, मग चौथ्यांदा. मास्तरांनी विचारलं नव्हतं, तरी तिनं रिकामा कप त्यांच्याकडं दिला आणि मत सांगितलं.

"तुमच्याहून कमी लिहितो," ती म्हणाली. "पण शेवट पटला."